नाझरांच्या वाट्याची खरवड

स्पेन हा देश नकाशात नेमका कोठे येतो, हे मी शोधून पाहिले ते त्या देशाचा भात पोटात गेल्यानंतर. तोवर मला त्याची गरज पडली नव्हती. मी नागपुरास कचेरीच्या आवारात अर्जनवीस म्हणून बसत असे. माझे शालेय शिक्षण सातवीच्या पुढे सरकले नाही. परंतु अर्ज कोणाकडून लिहून घ्यावा असा प्रश्न निघाला, की बी.ए. झालेल्या कारकुनांची बोटेसुद्धा माझ्या टेबलाकडे वळत. मजकूर मोजका, हस्ताक्षर टपोरे, आणि जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तक्रारीची एक ओळही लिहायची नाही, अशी माझी पद्धत होती. ह्याच पद्धतीपायी मी त्या भातापर्यंत पोहोचलो.

हिंगण्याच्या वाटेवर त्या काळी एक लहानसा मिशनचा दवाखाना होता. तेथील वृद्ध सिस्टर मूळच्या स्पेनच्या. दवाखान्याच्या भिंतीशी नाल्याचे पाणी तुंबत असे, म्हणून त्यांना मराठीत अर्ज हवा होता. मी जागा पाहिली, भिंतीची ओल हाताने चाचपली, टिपण केले. तोवर जेवणाची वेळ झाली आणि सिस्टरांनी मला स्वयंपाकघराच्या ओसरीवर बसवून घेतले.

पसरट लोखंडी कढईत त्यांनी तेलावर कांदा आणि लसूण परतला. त्यावर किसलेले टमाटे घातले आणि ते इतका वेळ आटवले, की त्यांचा लाल रंग जाऊन विटेसारखा झाला आणि तेल कडेला सुटले. मग एका डबीतून लाल पूड घातली. मग कोरडा, न धुतलेला तांदूळ. तो त्या मसाल्यात चांगला माखल्यावर कोंबडीच्या हाडांचे उकळते आळणी पाणी वरून ओतले, मीठ आणि केशराच्या चार काड्या टाकल्या, आणि कढई एकदा हलवून तांदूळ सारखा पसरवला. त्यानंतर त्यांनी झारा भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "अब हाथ नहीं लगाना. बिल्कुल नहीं."

झाकणही नाही. पाणी आटत गेले, दाणे वर आले, आणि शेवटी सिस्टरांनी निखारे पुढे ओढून आच वाढवली. कढईच्या बुडाशी तडतड सुरू झाली. मला वाटले, भात लागला, म्हातारीचे लक्ष नाही. मी सांगण्यासाठी तोंड उघडले, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवले. त्या ऐकत होत्या.

भात वाढला. नंतर त्यांनी झाऱ्याने कढईचे बूड खरवडले आणि जो तांबूस, कडक थर निघाला, तो अख्खा माझ्या ताटात ठेवला.

येथे आमच्याकडील रीत सांगणे भाग आहे. बुडाला लागलेला भात, म्हणजे खरवड, आमच्या घरांत स्वयंपाक करणाऱ्या बाईची. सर्वांची जेवणे आटोपल्यावर ती भांडे पुढ्यात ओढून ती खाते. लग्नाच्या मुलीला खरवड देत नाहीत, कारण तिच्या लग्नात पाऊस येतो असे मानतात. आणि पाहुण्याला तर ती कोणी वाढतच नाही. त्यामुळे मी ताटाकडे पाहत राहिलो. मी तेथे अर्ज लिहावयास आलेला एक प्रतिष्ठित मनुष्य होतो. सिस्टरांना माझा चेहरा कळला असावा. त्या म्हणाल्या, "ये मेहमान का है. हमारे गाँव में इसके लिए झगड़ा होता है."

मी एक तुकडा मोडला. टमाटे, लसूण आणि धूर ह्यांचा एकत्र सगळा अर्क त्या थरात उतरला होता. मी सगळा खाल्ला. अर्ज लिहून दिला, आणि पुढे नाल्याचे कामही झाले.

एवढ्यावर हे प्रकरण संपावयास हवे होते.

त्याच वर्षी कचेरीच्या आवारातील जुनी टिनाची शेड पाडून नवी बांधण्याचे ठरले. नवी शेड जुनीहून लहान. आम्हा अर्जनवीसांपैकी काहींना तीत जागा मिळणार, काहींना भिंतीबाहेर सायकलींच्या रांगेपलीकडे उन्हात बसावे लागणार, हे उघड होते. कोणाला कोठे बसवावयाचे, ते नाझरांच्या हाती. आवार, फर्निचर, पंखे, घागरी, सगळे त्यांच्या ताब्यातले. ते नुकतेच अमरावतीकडून बदलून आले होते. शिडशिडीत, कमी बोलणारे गृहस्थ. माझी जागा फाटकाजवळची, येणाऱ्याची पहिली नजर पडेल अशी. ती गेली असती तर पक्षकार दुसऱ्याच्या टेबलाशी थबकले असते आणि माझे नाव माझ्या डोळ्यांदेखत पुसले गेले असते. त्या महिन्यांत मला दुसरे काही सुचत नव्हते.

एके दिवशी चहाच्या टपरीवर मंडळी जमली असता कोणी एका लग्नातल्या पंगतीचे वर्णन करू लागले. मी त्यांना स्पेनच्या भाताविषयी सांगितले. वर्णन करण्यात मी कोठे कमी पडत नाही. कोणीतरी डिवचले की, मुन्शीजी, एकदा खाल्लं अन् जन्मभर सांगून राहिले. तेव्हा मी म्हणून गेलो, "एकदा कसं? आमच्याकडे घरी होतो तो."

पाठीमागे नाझर उभे होते. त्यांनी कपातला चहा संपवला आणि शांतपणे म्हणाले, "मग आम्हाले कधी बोलवता, मुन्शीजी?"

त्या बाकावर बसलेला प्रत्येक जण नव्या शेडमधील जागेचा उमेदवार होता. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, पुढच्या महिन्याअखेरच्या रविवारी या.

घरी येऊन मी हे आमच्या घरच्यांना, म्हणजे सौभाग्यवतींना सांगितले, तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"मी नाही करत," त्या म्हणाल्या. "मले त्याची चव नाही माहीत. तुम्ही बोलले, आता तुम्हीच रांधा."

मी सिस्टरांना विचारून यावे म्हणून सायकल काढून हिंगण्याच्या वाटेला गेलो. दवाखान्यात कळले की सिस्टरांची बदली दक्षिणेकडे झाली आहे. आलेल्या नव्या सिस्टर केरळच्या होत्या. त्यांनी मोठ्या अगत्याने नारळाच्या दुधातला भात कसा करतात ते समजावून सांगितले. मी हात जोडून परत फिरलो. येताना वाटेत पहिल्यांदा मला असे वाटले, की मागे दार लागले आहे आणि पुढचे दार माझ्या स्वतःच्या तोंडाने मी बंद केले आहे.

ज्या मनुष्याने आयुष्यात शेगडीला वारा घातला नाही, तो रविवारी सकाळी पाटावर बसून कांदा चिरू लागला. पहिल्या खेपेस लाल पूड म्हणून घरातले भिवापुरी तिखट घातले. सिस्टरांनी डबीतून जेवढी पूड घेतली होती, तेवढेच. सिस्टरांची पूड गोडसर होती, रंगापुरती. भिवापूरची मिरची ती नव्हे. आमची कन्या त्या वेळी मॅट्रिकच्या वर्गात होती. तिने एक घास घेतला, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि डोळे पुसत म्हणाली, "बाबा, हा भात आहे का अर्ज? कोणीच पास करून नाही राहिलं."

पुढच्या खेपेस तिखट कमी केले तर रंग गेला. त्यापुढच्या खेपेस रेशनचा तांदूळ फुटून त्याची खीर झाली. एकदा मी सिस्टरांची ताकीद मोडून झारा फिरवला, कारण तडतड ऐकून माझा धीर सुटला. लिहिताना मला ह्याचे कधी अवघड वाटले नाही. सही झाली की मी कागदाला हात लावीत नाही. पण शेगडीवरची वस्तू डोळ्यांदेखत जळताना पाहत बसणे ही निराळी परीक्षा आहे. प्रत्येक रविवारी आम्हा तिघांना माझी फसगत पोटात घालावी लागे. खापा येथे सासुरवाडी. तिकडे आमच्या घरच्यांना रविवारच्या बसने जावयाचे असे, ते राहून जाऊ लागले. त्या ताट पुढे ओढत आणि खात.

शेवटी उपाय सापडला तो असा. भिवापुरी मिरच्यांच्या बिया आणि शिरा पूर्ण काढून टाकायच्या, साले कोमट पाण्यात भिजत घालायची आणि पाट्यावर बारीक वाटायची. रंग पुरा येतो, तिखट सोसेल इतकेच राहते. तांदूळ चिन्नोर घ्यायचा; दाणा बारीक आणि वास असलेला. केशराच्या जागी काही घालू नये. हळद घातली तर त्याची खिचडी होते. त्या रविवारी कढई तडतडली आणि मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. वास बदलला, करपण्याच्या अगदी अलीकडे आला, तेव्हा कढई उतरवली.

आमच्या घरच्यांनी घास घेतला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिले. "जमलं," त्या म्हणाल्या. मग बूड खरवडले. कन्येने हात पुढे केला तशी त्यांनी तिच्या हातावर चापट मारली.

"खाऊ नको वं, लग्नात पाऊस येते."

"येऊ दे ना. मी नाही भीत पावसाले," कन्या म्हणाली आणि तुकडा पळवून आतल्या खोलीत गेली. आतून दाताखाली कडकड वाजली आणि आमच्या घरच्यांना हसू आले. कित्येक आठवड्यांत त्या हसल्या नव्हत्या.

नाझर ठरल्या रविवारी आले. धुतलेले धोतर, पांढरा सदरा. मी त्यांना पाटावर बसवले. भात वाढला. ते खाली मान घालून जेवले, दुसऱ्यांदा मागून घेतले. मी मनातल्या मनात फाटकाजवळच्या जागेवर माझे टेबल मांडू लागलो होतो. मग सिस्टरांची रीत पुरी करावी म्हणून मी कढई आणली, बूड खरवडले आणि तो थर अख्खा त्यांच्या ताटात ठेवला.

त्यांचा हात थांबला.

"हे काय आहे?"

"खरवड," मी म्हणालो.

"मुन्शीजी, पाहुण्याले खरवड वाढून राहिले तुम्ही?"

पडद्याआड बांगड्यांचा आवाज बंद झाला. मी समजावून सांगू लागलो. स्पेन देशी हा पाहुण्याचा मान, ह्याकरिता तेथे भांडणे होतात, सदर रीत मी प्रत्यक्ष अनुभवली आहे. बोलू लागलो तसतसे मला माझेच बोलणे एखाद्या लटक्या कैफियतीसारखे वाटू लागले. नाझर ऐकत होते की नव्हते, कोण जाणे. माझे बोलणे संपले तेव्हा त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला. मग दुसरा. त्यांनी ताट संपवले, हात धुतला, आणि विडा न घेता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी नाझरांच्या खोलीतून बोलावणे आले. मी टेबलावरचे सामान नीट लावून गेलो, न जाणो ते उचलण्यासाठीच परत यावे लागेल. नाझर कागदावर सह्या करीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"नव्या शेडमध्ये फाटकाजवळची जागा तुमची," ते म्हणाले. "सध्या. कायमचं मग पाहू."

मी आभार मानले. दारापर्यंत आलो तेव्हा मागून आवाज आला. "रविवारी येतो. अन् ते खालचं लागलेलं असते ना, ते ठेवजा."

अशा रीतीने मी सुटलो, असे त्या क्षणी मला वाटले.

जागा दरवर्षी नव्याने द्यावयाची, अशी नाझरांनी व्यवस्था ठेवली. दरवर्षी ती मला मिळाली. दर रविवारी ते आले. बहुधा एकटे, क्वचित कोणाला घेऊन. बरोबर कोणी असले की त्याला वरचा भात आणि खरवड नाझरांना. त्यांनी कधी धमकी दिली नाही, कधी उपकार बोलून दाखवले नाहीत. त्यांची पत्नी वारलेली होती, मुलगा-सून त्यांच्याच घरी राहत, हे मला पुढे कळले. ते जेवत, कचेरीतील पंख्यांविषयी चार वाक्ये बोलत आणि जात. तक्रार करावी असे त्यांच्या वागण्यात काही नव्हते. हीच माझी अडचण होती.

आवारात माझा मान वाढला. नाझर ज्याच्या घरी जेवतात तो मनुष्य, म्हणून पक्षकार मला दोन्ही हातांनी नमस्कार करू लागले. ज्यांना भिंतीबाहेर बसावे लागले होते, ते माझ्याकडे पाहून काय बोलत, ते मला ऐकू येत नसे, पण कळत असे. त्यांच्यापुढे मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो, की रविवार मला नको झाला आहे? घरमालकाने पाणी तोडले, दिराने वाट अडवली, मुकादमाने कामावर घेतले नाही, अशा दीनवाण्या लोकांचे अर्ज मी रोज लिहीत होतो. माझ्या स्वतःच्या प्रकरणी 'मेहेरबान' म्हणून कोणाला लिहावे, ते मात्र मला सुचले नाही.

खाप्याची बस रविवारी सकाळी सुटत असे. आमच्या घरच्यांच्या आईचे दुखणे लांबले, तेव्हा त्या मधल्या वारी जाऊन त्याच संध्याकाळी परत आल्या. "रविवारी नाझरसाहेबाले भात लागते," त्या भावाला म्हणाल्या, हे मला मेहुण्याने सांगितले. त्याने ते हसत सांगितले. मी हसलो नाही.

आणि खरवड घरात राहिली नाही. कन्या कधी सवयीने झारा उचले, तर आई तिचा हात धरून म्हणे, "ठेव वं ते. नाझरसाहेबाचं आहे." पाऊस येण्याचे कारण त्या आता सांगत नसत. कन्याही झारा मुकाट्याने ठेवून देई. तिचे लग्न लागले ते कडक उन्हात, कोरड्या मांडवाखाली. सगळे म्हणाले, बरे झाले, पाऊस आला नाही.

नाझर निवृत्त झाले, त्या वेळी कचेरीने आमच्या जागांचा निकाल एकदाचा लावला. नव्या साहेबांनी कोणाला न विचारता ज्याची जागा त्याच्या नावे कायम करून टाकली. फाटकाजवळची जागा माझी झाली. आता ती कोणाच्या मर्जीवर राहिली नव्हती. मी हे घरी सांगितले तेव्हा आमच्या घरच्यांनी विचारले, "मग येत्या रविवारी आपण खाप्याले जाऊन राहिलो ना?"

जाता आले नाही, कारण त्याच आठवड्यात कन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिला काही गोड लागत नव्हते. शनिवारी ती आईच्या मांडीवर डोके ठेवून म्हणाली, "आई, मले फक्त ते खालचं पाहिजे. बाबांच्या भाताचं."

रविवारी मी मिरच्या वाटल्या, टमाटे आटवले, भात पसरवला. कढई तडतडू लागली तेव्हा बाहेर सायकलची घंटा वाजली. नाझर आले होते. त्यांना कोणी बोलावले नव्हते, आणि येऊ नका असेही कोणी म्हटले नव्हते. सदरा पूर्वीसारखाच पांढरा होता, मात्र कॉलरला घडी नव्हती. ते नेहमीच्या पाटावर बसले.

मी आत उभा राहिलो. आमच्या घरच्यांनी माझ्याकडे पाहिले. कन्या भिंतीला टेकून बसली होती. मी नाझरांचे ताट वरच्या भाताने भरले. मग कढई उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन कन्येपुढे ठेवली. झाराही तिच्याच हातात दिला.

बाहेर नाझर जेवू लागले. भात संपत आला तसा त्यांचा हात मंदावला. ते ताटाच्या रिकाम्या बाजूकडे पाहत राहिले.

"आज बुडाले लागला नाही काय, मुन्शीजी?"

"नाही," मी म्हणालो. "आज लागला नाही."

आतून झारा लोखंडावर घासल्याचा आवाज येत होता. एकदा, मग जरा थांबून पुन्हा. पडदा पातळ होता आणि घर लहान. नाझरांनी मान किंचित तिकडे वळवली. आतून दाताखाली कडकड वाजली. त्यांनी मान परत फिरवली आणि उरलेले दाणे बोटांनी एकत्र केले.

"वरचाही चांगलाच असते म्हणा," ते म्हणाले.

त्यांनी हात धुतला. त्या दिवशी विडा घेतला, तो पहिल्यांदाच. मी त्यांना सायकलपर्यंत पोहोचवावयास गेलो. त्यांनी स्टँड काढला, दोन पावले सायकल ढकलली आणि मागे न पाहता म्हणाले, "येतो मग रविवारी."

"या," मी म्हणालो.

मी आत आलो तेव्हा कन्येला झोप लागली होती. कढई लख्ख खरवडलेली होती. आमच्या घरच्या सुपात भिवापुरी मिरच्या घेऊन त्यांच्या बिया काढीत बसल्या होत्या.